चपलेचा तळ बघणारे मेस्त्री

कुणीही गाडी घेऊन आलं तरी मेस्त्री आधी बॉनेटकडे बघतच नसत. "चालवतलो कोण?" एवढंच विचारत, आणि जो पुढे येई त्याला उजव्या पायातली चप्पल काढायला लावून तिचा तळ निरखत. टाच झिजली आहे की चवडा, यावरून माणूस अ‍ॅक्सिलरेटर कसा दाबतो ते कळतं म्हणे. गिऱ्हाईक बिचारं तोवर एका पायावर उभं. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असता.

नाहूरला त्यांचं छोटं गॅरेज होतं. मी तिथे गेलो तो बाबांच्या गाडीपायी. ती माझ्याहून वयाने मोठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना गाडी चालवायला परवानगी दिली, पण पहिल्याच दिवशी सोसायटीच्या गेटमध्ये ती गचके खात तीनदा बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. बाबा उतरले, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पायात जोर राहिला नाही. विकून टाक." आम्हालाही ते खरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण मला जरा सुटल्यासारखंही झालं.

विकण्याआधी दुरुस्त करावी म्हणून मी व्हिडिओ बघून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही सिलिंडरना ठिणगी वाटून देणारा डबा, उपसला आणि पिशवीत घालून मेस्त्रींपुढे ठेवला. काढण्याआधी कुठल्या बाजूला होता याची खूण केलीस का, असं त्यांनी विचारलं. केली नव्हती. ते रागावले नाहीत, उलट खूश दिसले. आता सगळं पहिल्यापासून शोधायला मिळणार होतं ना.

मधली दांडी दोन बोटांत धरून त्यांनी हलवली. मग नेहमीचा प्रश्न आला. मी बाबांची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "उद्या बापाशीक घेवन ये."

बाबा कुरकुरत आले. त्यांची चप्पल तपासून झाल्यावर मेस्त्रींनी तो डबा त्यांच्याच हातात दिला आणि दांडी हलवायला लावली.

"काका, तुमचो पाय बरो आसा. हेची दांडी डुलता. आतलो बुश झिजलो, म्हणान ठिणगी चुकता."

बाबा कितीतरी वेळ ती दांडी हलवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

मेस्त्रींनी लेथवर नवा बुश, म्हणजे दांडीला घट्ट धरून ठेवणारी छोटी नळी, कातला. शिवाय ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या आतल्या दोन स्प्रिंगा बदलून जरा नरम घातल्या, म्हणजे हलक्या पायालाही इंजिन लवकर साथ देईल. मग आमच्याकडे मुलुंडला येऊन, पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवून बसले. मी पान्याने इंजिन हळूहळू फिरवत होतो. आतला वारा अंगठ्याला ढकलू लागला तसे ते लहान मुलासारखे हसले. डबा कुठल्या बाजूला बसवायचा, ती हरवलेली खूण सापडली होती.

त्या संध्याकाळी बाबांनी कॉलनीला चार फेऱ्या मारल्या. विकण्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

परवा मेस्त्री गेल्याचा फोन आला. मी रिक्षा बोलवायला निघालो, तर बाबा शर्ट बदलून, किल्ली घेऊन दारात उभे. नाहूरपर्यंत तेच चालवत गेले, सावकाश, एकही गचका न बसता. बंद शटरपुढे गाडी उभी केली. मी इंजिन बंद करायला हात पुढे केला, तो त्यांनी धरला.

"राहू दे," म्हणाले, "जरा वेळ चालू राहू दे."