इटलीसाठी शिवलेले जोडे

आमच्या घरातलं मीठ बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली. माझी छाती नाजूक आहे म्हणून, असं सगळं अलिबाग समजतं. माझी बायकोही या चैत्रापर्यंत तसंच समजत होती. खरं कारण इटली. ते आता एकदाचं लिहून टाकतो. आधीच सांगायला हवं होतं, पण मी मुळात बोलका नव्हे, आणि खोटं एकदा घरात मुक्कामाला आलं की घरच्या माणसासारखंच वावरायला लागतं. त्याला ऊठ म्हणायचाही कंटाळा येतो.

मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो. रोमन साम्राज्य माझ्या विशेष आवडीचं, म्हणून गावात मला रोमचे मास्तर म्हणतात. थोडं कौतुकानं, बरंचसं टिंगलीनं. शेजारचे पेन्शनर ओव्हरसियर सकाळी फाटकाशी उभे राहून विचारायचे, "काय मास्तर, रोमची आग विझली का?" संध्याकाळी ओटीवर मी बायकोला तेच सगळं सांगत बसे. मूलबाळ नाही, दुसरं बोलणार काय? ती तांदूळ निवडता निवडता ऐके. निदान मला वाटे, ती नुसती ऐकते आहे.

तिचे वडील वारले तेव्हा त्यांनी लेकीच्या नावानं थोडंबहुत ठेवलेलं निघालं. नातेवाइकांनी काशी सुचवली. ही म्हणाली, "आपण इटली बघून येऊ."

मी हसलो. ती हसली नाही.

"मला पाँपे बघायचंय," म्हणाली. "तो भट्टीतला पाव."

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात एका भट्टीत कोळसा झालेले पाव तसेच सापडले, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. ते मी विसरलोही होतो. तिच्या मनात मात्र ते बसलं होतं. "कोणा बाईनं भाजायला दिला असेल. घरी पोरं वाट बघत असतील. तेवढं एकदा बघायचं. बाकी तुमचे बादशहा तुम्ही बघा."

मग आखणी सुरू झाली. मुंबईहून बोटकंपनीची माहितीपुस्तकं मागवली, जुन्या बाजारातून इंग्रजी प्रवासमार्गदर्शक आणलं. पहिले काही महिने मी वाचून मराठीत सांगायचो. पुढे ती माझा शब्दकोश मांडीवर घेऊन आपली आपण वाचायला लागली. बोटीवर बायकांना निराळी खोली मिळते, दुसऱ्या बायकांबरोबर एकटीलाही जाता येतं, हे तिनंच शोधलं. फ्लॉरेन्सकडचा पाव अळणी असतो, हेही. चांभाराकडून आम्ही जोडे शिवून घेतले, एक माझा जोड, एक तिचा. वहाणांपलीकडे तिच्या पायांना काही ठाऊक नव्हतं. ओहोटी लागली की ती पाण्यातल्या किल्ल्याच्या वाटेला ओल्या वाळूवर जोडे घालून चालायचा सराव करी. मी बंधाऱ्यावर बसून बघे.

एकदा मासळीची टोपली घेऊन चाललेली कोळीण थबकली. "काय गो बाय, मडमीन झालीस का? कंच्या गावाला निघालीस?"

"पाव आणायला," बायको म्हणाली.

"आनि पाव तं बाजारान मिलतो!" कोळीण हसली, हीही हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला लग्नानंतर फारसं पाहिलेलं नव्हतं. तिला आनंद झाला याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं ते तेव्हा कळलं नाही.

ते एका रविवारी कळलं. ओव्हरसियर, आमचे हेडमास्तर आणि आणखी दोघं चहाला आले होते. मी नकाशा पसरून प्रवासाचा क्रम समजावत होतो. नेपल्सला उतरायचं, आगगाडीनं थेट वर व्हेनिसला जायचं, आणि मग खाली रोमला यायचं. रोम शेवटी. रोम म्हणजे कळस. चहाचे कप ठेवता ठेवता ही म्हणाली, "अहो, हे म्हणजे रेवसला उतरायचं, आधी मुरूड गाठायचं आणि मग मागे अलिबागला यायचं, असं झालं. नेपल्स, पाँपे, मग रोम, मग फ्लॉरेन्स आणि शेवटी व्हेनिस. परतीची बोट व्हेनिसहूनच सुटते की."

नकाशावर ते सरळ दिसत होतं. ओव्हरसियरांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, उद्यापासून तुमचा वर्ग वहिनींना देऊन टाका!" सगळे हसले, हेडमास्तर तर ठसका लागेपर्यंत. मीही हसलो.

वीस वर्षं रोम माझं होतं. मला इटली बघायची नव्हती असं नाही. तिच्या मागून चालत बघायची नव्हती. याहून मोठं कारण मला सापडत नाही. शोधून पाहिलं.

त्याच आठवड्यात मी बोटीची जागा पक्की करायला मुंबईला गेलो. कंपनीच्या दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. इराण्याकडे बसून चहा घेतला, खारी बिस्किटं खाल्ली, आणि रेवसच्या लाँचवर बसल्या बसल्या सगळं जुळवलं. घरी येऊन सांगितलं, वाटेत छातीत कळ आली, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, बोटीचा प्रवास वर्ज्य म्हणाले. नुसतं एवढं हलकं वाटेल म्हणून भर घातली: मीठही बंद.

ती इटलीबद्दल एक अक्षर बोलली नाही. "अजून दुखतंय का?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक अळणी झाला, तिचाही. "एका घरात दोन आमट्या कशाला?" म्हणाली. कधी विनोद करी, "फ्लॉरेन्सला असतो तर तुमची आयती सोय झाली असती." मला जिना चढू देईना, पाण्याची कळशी उचलू देईना. आणि मी, धडधाकट माणूस, तसा वागत गेलो. दमल्याचं सोंग करता करता खरोखरच दमायला लागलो. शाळेबाहेर मीठ लावलेली कैरी मिळे, ती मी कोपऱ्यात उभा राहून खात असे. तिनं मात्र आपलं व्रत कुठे मोडलं नाही, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. माझे जोडे शाळेत जाऊन येऊन झिजले. तिचे फडताळात होते. दर दसऱ्याला ती त्यांना तेल लावी. मग आम्ही जेवायला बसायचो.

या चैत्रात मला हिवताप आला. गावात नवीन आलेल्या डॉक्टरांना हिनं घरी बोलावलं आणि ताप राहिला बाजूला, आधी छाती बघायला लावली. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. म्हणाले, "कोणी सांगितलं नाजूक आहे? अहो, छाती ठणठणीत आहे."

डॉक्टर गेल्यावर तिनं देवापुढे साखर ठेवली. तिला वाटलं, व्रत फळलं. मग फडताळातून जोडे काढून पायात घालायला बसली. जाईनात. पाय पसरले होते, चामडं आखडलं होतं. तरी ती खुशीत होती. "नवे शिवू. आता काय, मोकळे झालो! लढायाबिढाया चालल्यात म्हणतात, पण बोटी जातात ना अजून?"

तापात होतो म्हणून बोललो असं म्हणायची सोय होती. पण ताप तेव्हा उतरला होता. मी सगळं सांगितलं. डॉक्टर नव्हता, कळ नव्हती, तो रविवार, तो नकाशा, ते हसणं.

तिनं हातातला जोडा खाली ठेवला. मग विचारलं, "त्या दिवशी मुंबईत काय खाल्लंत?"

"खारी बिस्किटं."

"हं," म्हणाली आणि उठली.

त्या दिवशीच्या वरणात मीठ होतं. माझ्या पानात वाढून ती समोर बसली आणि स्वतःसाठी वेगळ्या भांड्यातलं अळणी घेतलं. "तूही घे आता," मी म्हणालो. ती म्हणाली, "जिभेला झोंबतं." त्यानंतर आठवडाभर कामापुरतंही बोलली नाही.

मग एका सकाळी चांभाराकडे निघाली. मी मागून गेलो. फाटकाशी ओव्हरसियर होतेच. "काय मास्तर, रोम कधी?"

"तिला विचारा," मी म्हणालो. ती थांबली नाही.

चांभारानं तिला कागदावर उभं करून पायांचं माप घेतलं. आमचं जुनं काम त्याच्या लक्षात होतं. "वहिनी, कधीला हवेत?"

"दसऱ्याच्या आत. पाऊस संपला की बोट आहे."

"दोन्ही जोड ना? मास्तरांचं माप घेतो."

तिनं त्या आठवड्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"एकच," म्हणाली.

जोडे परवा आले. ओहोटी लागली की ती चालायला जाते, आणि मी बंधाऱ्यावर बसतो. मुंबईच्या कंपनीला तिनं आपल्या हातानं पत्र टाकलंय. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. दसऱ्याला अजून अवकाश आहे. मला येऊ देशील का, एवढंच तिला विचारायचं आहे. रोज जिभेवर येतं, आणि ती किल्ल्याकडून परत वळेपर्यंत मी गप्प बसून राहतो.