बाबांची घाटावरची भाषणं

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, पेन्शनरांचं मंडळ निघालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर तो सुनांना. सासरा संध्याकाळभर घराबाहेर, यापेक्षा मोठं सुख त्या काळात नव्हतं. नागपुरात टीव्ही यायचा होता, आणि म्हाताऱ्या माणसाला बसवून ठेवायला दुसरं काही साधन नव्हतं. देवळामागच्या हॉलमध्ये कॅरम, पत्ते, एक हार्मोनियम आणि दोन वर्तमानपत्रं अशी सोय झाली. शनिवारी एक निवृत्त कंपाउंडर येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर तपासायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे, म्हणजे कोणाचं किती वर गेलंय ते अख्ख्या ले-आउटला कळायचं.

मला सासरा नव्हता, कारण मी लग्नच केलं नाही. मी शाळेत शिकवत होते. घरात मी आणि बाबा असे दोघं. भाऊ नोकरीला भिलाईला होता आणि दिवाळीला यायचा. आई गेल्यापासून बाबांनी बोलणं जवळपास सोडलं होतं. रागावले होते असं नाही. चहा दिला की घ्यायचे, जेवायला वाढलं की जेवायचे. पण तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे दिवसचे दिवस काढायचे. मी शाळेतून यायची तर सकाळी जिथे बसवून गेले तिथेच ते बसलेले असत. पंखा बंद असला तर बंदच. मला भीती वाटायची की असंच एक दिवस येऊन बघेन आणि फरकच कळणार नाही.

म्हणून मी त्यांना मंडळात नेऊन सोडलं, बालवाडीत मूल सोडतात तसं. ते निमूटपणे गेले. कॅरमच्या बाजूला एक लोखंडी खुर्ची होती, ती त्यांनी धरली. खेळले नाहीत, गायले नाहीत, हसले नाहीत. शेजारचे काका रोज मला सांगायचे, "तुमचे बाबा आज बी बसूनच होते हो मास्तरीण." मी म्हणायची, बसू द्या. घरापेक्षा तिथे बरं.

मग मंडळातले पहिले गृहस्थ वारले. कॅरम खेळणारे होते. सगळे अंबाझरी घाटावर गेले.

आमच्याकडची चाल अशी की प्रेताला अग्नी दिला की लगेच घर गाठायचं नाही. तिथेच, धगीपासून जरा लांब, शोकसभा भरते. तिलाही अध्यक्ष लागतो. एकजण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, आणि मागे लाकडं तडतडत असताना अध्यक्ष आभारी आहे म्हणतात. मग चारदोन माणसं बोलतात. ती भाषणं ऐकलेला माणूस सांगेल, नाव तेवढं बदलायचं. मृत गृहस्थ मनमिळाऊ असतात, सुस्वभावी असतात, त्यांच्या जाण्याने न भरून निघणारी पोकळी निर्माण होते. मग दोन मिनिटं स्तब्धता आणि घरी जाऊन आंघोळ.

त्या दिवशी ठरलेली माणसं बोलून झाली, आणि अध्यक्षांनी "आणखी कोणी?" असं रिवाजापुरतं विचारलं. बाबा उठले. कोणाचा विश्वास बसेना. माझा तर नंतरही बसला नाही. त्या काळी बायका घाटावर जात नसत, त्यामुळे मला सगळं शेजारच्या काकांकडून कळलं.

बाबा म्हणाले होते, "हा माणूस रोज कॅरममध्ये हरत होता. तुम्ही त्याले हसत होते. मी बाजूले बसून पाहून राहिलो होतो. समोरचा उदास असला की हा राणी मुद्दाम सोडे. ज्याची बायको दवाखान्यात होती, त्याले यानं सलग आठवडाभर जिंकू दिलं. असा खेळणारा पुन्हा नाही येत."

काका म्हणाले, घाटावर पहिल्यांदा लोक खरोखर रडले.

बाबा परत आले तेव्हा मी मागच्या अंगणात पाणी तापवून ठेवलं होतं. आंघोळीशिवाय घरात यायचं नव्हतं. मी कडुलिंबाचा पाला आणि टॉवेल घेऊन मोरीच्या दाराबाहेर उभी, आणि आतून तांब्याच्या आवाजाबरोबर बाबांचा आवाज. ते मला सगळं भाषण पुन्हा सांगत होते! मधेच थांबून विचारत होते, "राणी सोडे, हे बरोबर सांगितलं ना वं?" मी बरोबर बरोबर म्हणत रडत होते. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. पुढे त्या गृहस्थांच्या पत्नीने तेराव्याला बाबांना मुद्दाम बोलावलं आणि बायकांमध्ये बसून तेच पुन्हा सांगायला लावलं. तिला ते ठाऊक नव्हतं. ती आयुष्यभर नवऱ्याला धड खेळताही येत नाही म्हणून चिडवत आली होती.

त्यानंतर बाबा माणसांत आले. हसून सांगायला हवं, पण मला ते आजही हसून सांगता येत नाही, की माझ्या बापाला जगायला कारण मिळालं ते दुसऱ्यांच्या मरणाचं. थंडी कडक पडली की म्हातारी माणसं पिकल्या बोरांसारखी गळतात. त्या हिवाळ्यात हार्मोनियमवाले गेले, मग पत्त्यांच्या टेबलावरचे एक गेले. दोन्ही वेळेला लोकांनीच बाबांकडे पाहिलं. हार्मोनियमवाल्यांबद्दल ते म्हणाले की हा माणूस भजनात एक पट्टी खाली वाजवायचा, कारण शेजारच्या आंधळ्या आजोबांचा आवाज वर जात नसे. घाटावर आलेली परकी माणसंही विचारू लागली, हे कोण बोलले?

बाबांच्या मनाने घेतलं की आपल्याजवळ माल कमी पडतो. नुसतं पाहून किती कळणार? विचारायला हवं. आणि ते विचारू लागले. इरिगेशनच्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केलेला, मान वर न करणारा माणूस, आता हॉलमध्ये एकेकाजवळ खुर्ची ओढून बसायचा. तुमचं गाव कोणतं? आई कशी होती? लहानपणी कशाची भीती वाटे? घरी आले की मला सांगायचे. अमक्याने भावाला आपली अर्धी जमीन दिली आणि कोणाला बोलला नाही. तमक्याला अजून विंचवाची भीती वाटते. मी वह्या तपासत ऐकायची. आमचं घर दिवसभर सुनं असायचं, पण संध्याकाळी तिथे माणसांची वर्दळ झाल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला सगळ्यांना गोड वाटलं. म्हाताऱ्या माणसाला कोणी त्याचं लहानपण विचारतं का? माणसं भरभरून बोलली. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की बाबा हे कशासाठी विचारतात.

बेशाच्या बाजूला एका सभासदाची शेती होती. बेसा तेव्हा निव्वळ खेडं, बैलगाडीचा रस्ता. तिथे मंडळाची हुरड्याची सहल गेली. आगटी पेटली होती, गरम हुरडा, तिळाची चटणी, दही, सगळं छान चाललं होतं. बाबा एका निवृत्त तहसीलदारांशेजारी बसले. त्यांचं ब्लडप्रेशर शनिवारी चांगलंच वर निघालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी आपल्या सरळ मनाने विचारलं, "साहेब, तुम्हाले जल्मात सगळ्यात जास्त आनंद कधी झाला?"

तहसीलदारांच्या हातातला हुरडा खाली पडला. "तुम्ही मले काहून विचारून राहिले हो?" ते म्हणाले. "मी काही चाललो नाही अजून."

सगळे हसले. बाबाही हसले. पण तहसीलदार हसले नाहीत. परतताना ते दुसऱ्या बैलगाडीत बसले. महिनाभरात ते गेले. मरायचेच होते, त्यांचा पारा कुठे होता ते कंपाउंडरांनी सांगितलंच होतं. पण कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. त्यांच्या बायकोने दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की हुरड्याच्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलं.

घाटावर बाबा बोलायला उठले तेव्हा तहसीलदारांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही नको." एवढंच.

त्या दिवशी मोरीतून आवाज आला नाही.

आठवड्याने मंडळाचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी घरी आले. मी चहा केला. अध्यक्ष मोठे अधिकारी होऊन निवृत्त झालेले, बोलणं मुद्देसूद. म्हणाले, "बाई, मंडळ आपण विरंगुळ्यासाठी काढलं. माणसं आता हॉलमध्ये यायला बिचकतात. तुमचे वडील कोणाजवळ बसले की त्याच्या घरचे घाबरतात. कमिटीने ठरवलंय की यापुढे श्रद्धांजली फक्त अध्यक्ष वाहतील. आणि कोणी कोणाला खाजगी प्रश्न विचारू नयेत."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग मरणं बंद करायचा ठराव करा ना. एवढे शिकलेले तुम्ही, आणि एका गरीब माणसाच्या जिभेला भिता?"

सेक्रेटरी बशीत चहा ओतत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "आम्ही भीत नाही. पण बायकामंडळी..." आपलं भय बायकांच्या पदराखाली लपवणं हे तर आमच्याकडे सगळ्यांनाच चांगलं जमतं.

बाबा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "बरं."

मी नंतर त्यांच्याशी भांडले. म्हटलं, बरं काय बरं? तुम्ही काय चोरी केली? ते म्हणाले, "अवं, त्याईचं खरं आहे. मले पाहून माणूस घाबरत असंन, तर मी काहून जाऊ?" तरी मी त्यांना दुसऱ्या दिवशी पाठवलं. शेजारच्या काकांनी सांगितलं की ते त्याच लोखंडी खुर्चीवर बसले, आणि कॅरमवाल्यांनी हळूच बोर्ड उचलून खिडकीकडे नेला. बाबा थोडा वेळ बसले आणि उठून आले. पुन्हा गेले नाहीत.

मंडळ छान चाललं. कोजागरीला दूध झालं, एका वर्षी नाटुकलंही बसवलं. आमच्या घरी पुन्हा पंखा बंद असला तर बंदच.

मी एक करून पाहिलं. बाबा दुसऱ्यांना विचारायचे तसं त्यांना विचारू लागले. गाव कसं होतं? कशाची भीती वाटायची? कधी दोन वाक्यं मिळायची, कधी नाही. उमरेडच्या पलीकडच्या खेड्यात त्यांचा जन्म, हे कळलं. मळ्यातल्या विहिरीत त्यांचा धाकटा भाऊ पडला आणि हे काठावर उभे राहून ओरडू पाहत होते, पण आवाज फुटला नाही. म्हणून शेतातली माणसं आली नाहीत. हे त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती म्हशीशी बोलत होती, आणि त्यांना वाटलं, ही आपल्याशीही बोलेल. एवढं सांगून ते म्हणाले, "बस झालं वं, थकलो." मी दिवा घालवला. याहून जास्त मला काही मिळालं नाही, आणि त्यांनाही सांगून बरं वाटलं असं मला म्हणवत नाही. ते दिवसेंदिवस वाळत गेले.

ऐन नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, ते गेले. ऊन चढायच्या आत न्यायचं म्हणून घाई झाली. भाऊ पहाटेच्या गाडीने आला. मंडळातली बरीच माणसं आली, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. दारातून बाबांना उचललं, आणि मी घरात बायकांबरोबर राहिले. मग मागे जाऊन घाटावरून परतणाऱ्यांच्या आंघोळीसाठी पाणी तापत ठेवलं. उन्हाळ्यात गरम पाणी कोणाला हवं होतं? पण हात मोकळे राहत नव्हते.

भाऊ घाटावरून परस्पर क्रियेचं सामान आणायला गेला होता. पहिले आले ते शेजारचे काका. मी टॉवेल दिला आणि विचारलं, "काका, तिथं कोण बोललं?"

"अध्यक्ष बोलले ना."

"काय बोलले?"

"मनमिळाऊ होते म्हणाले. पोस्टातून रिटायर झाले म्हणाले."

"पोस्टात नव्हते ते. इरिगेशनमध्ये होते."

"हो का? मले बी पक्कं ठाऊक नव्हतं, म्हणून मी टोकलं नाही."

"आणखी कोणी?"

काका पायांवर पाणी घेत राहिले. "विचारलं त्याईनं, आणखी कोणी म्हणून. सगळे एकमेकांकडे पाहाले लागले. काय सांगावं, बाई? ते सगळ्याईले विचारत, पण त्याईले कधी कोणी विचारलं नाही. तुमचा भाऊ तर क्रियेत होता, तो कसा बोलंन? मग दोन मिनिटं उभे राहिलो." मग त्यांनी विचारलं, "मूळचे कुठले होते हो ते?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, विहीर सांगितली, न फुटलेला आवाज सांगितला, म्हशीशी बोलणारी आई सांगितली. दाराला धरून, पदर खोचून, मी त्या ओल्या माणसाला सगळं सांगितलं. मी बोलत असताना आणखी दोघंतिघं आंघोळीला येऊन मागे थांबले होते.

काकांनी डोळे पुसले. म्हणाले, "अरे बाप्पा. हे तिथं सांगाले पाहिजे होतं, बाई."

पाणी संपत आलं होतं, मागे माणसं खोळंबली होती. मी बादली उचलून नळाखाली लावली.