कोलेटचा हलका हात

माझी बायको कोलेट हिचा हात फार हलका. नवरा म्हणून कौतुक करतोय असं समजू नका; तिने जाळलेल्या ऑम्लेटांबद्दल बोलायला लागलो तर संध्याकाळ जाईल. तिच्या हाताबद्दल आमचं सगळं खोरंच बोलतं. ल सांतिए या आमच्या स्विस गावातल्या घड्याळ कारखान्यात ती सोळाव्या वर्षी लागली आणि एकच काम करत आली. घड्याळाच्या पोटात जे चाक मागेपुढे डोलतं, त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग चिमट्याने वळवून नेमकी बसवायची. वळण जरा चुकलं की घड्याळ एक तर पळतं, नाही तर रेंगाळतं. कोलेट डोळ्याला भिंग लावायची, स्प्रिंगला चिमट्याने ‘जरासं समजवायची’, आणि घड्याळ वठणीवर यायचं.

मी चीजवाला. हिवाळ्यात आमच्याकडे मऊ वाशरँ चीज होतं आणि त्याच्याभोवती स्प्रूस झाडाच्या सालीची ओली पट्टी गुंडाळतात. बॅटरीची घड्याळं आली, कारखान्यांना कुलपं लागली, तेव्हा कोलेट काही वर्षं माझ्याकडे पट्ट्या गुंडाळत होती. तसं नेटकं चीज खोऱ्यात पुन्हा झालं नाही. पण कारखाना पुन्हा उघडतोय असं कळलं त्या दिवशी तिने एप्रन काढून माझ्या तोंडावर फेकला आणि गेली. मला राग आला नाही, उलट बरंच वाटलं.

आता ती निवृत्तीला आली होती, आणि तेवढ्यात कारखान्यात नोएमी आली. पोरगी आमच्याच खोऱ्यातली, लोझानला शिकून आलेली. तिने काढलेल्या घड्याळात डोलणाऱ्या चाकाला आस नाही, वेगळी स्प्रिंग नाही, तेलाचा थेंब नाही. सिलिकॉनची एकच अखंड चकती. तिच्यात कोरलेल्या दोन बारीक पट्ट्या एकमेकींना छेदून जातात, आणि त्याच वाकून वाकून चकतीला डोलवतात. पट्ट्या मधोमध न छेदता एका टोकाकडे छेदतात. घड्याळ उभं धरा की आडवं, वेळ बदलू नये म्हणून नोएमीने ते मुद्दाम तसं काढलं होतं. या एका चकतीवर पोरीची कैक वर्षं गेली होती.

तीन चकत्या तयार झाल्या. पहिली बसवायला अर्थातच कोलेटकडे दिली. त्या दिवशी ती घरी आली ती बूटही न काढता स्वयंपाकघरात बसली.

“आर्मां, मोडली.”

“काय मोडली?”

“पोरीची चकती. मला ती एका अंगाला कललेली दिसली. हात आपोआप गेला रे. जरासं समजवायला गेले, आणि तुकडेच उडाले.”

जुन्या स्प्रिंगचं पोलाद वळवलं की तसंच राहतं. सिलिकॉनची जात निराळी, वाकते आणि आपसूक जागेवर येते, पण बळजबरी केली की फुटते. नोएमीने हे आधी बजावलं होतं. डोक्याने ऐकलं होतं, हाताने ऐकलं नव्हतं.

“मग साहेबांना सांगितलंस?”

“लगेच! माझ्या चिमट्याने मोडली, असं स्पष्ट सांगितलं. तर म्हणतात, कोलेटबाई, उगाच पोरीला पाठीशी घालू नका.”

म्हणजे बघा गंमत. कारखान्याचे मालक ल्युग्रँसाहेब स्वतः जुने घड्याळजी. कोलेटच्या हातून काही मोडतं यावर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांचा हिशोब सरळ: कोलेटच्या हातात टिकत नाही ती वस्तूच कच्ची. पुढच्या शुक्रवारी कारखान्यातल्या वाशरँच्या जेवणाला ते नोएमीचं काम बंद केल्याचं सगळ्यांसमोर सांगणार होते. माझ्या बायकोच्या चांगल्या नावानेच त्या पोरीचा गळा धरला होता.

कोलेट दोन घास जेवली आणि उठली. दुसरी चकती तिने आणि नोएमीने मिळून बसवली. ती सांगत होती, पट्टीला समजवायचा मोह आवरायला मधूनमधून मांडीखाली हात दाबून बसावं लागलं म्हणून. ते घड्याळ तिने आणून माझ्या मनगटावर बांधलं.

“काढायचं नाही. रोजची कामं कर.”

“अगं, दिवसभर दुधाच्या कढईत हात घालतो मी!”

“म्हणून तर तुला दिलंय. शोभतं म्हणून नाही.”

मी फाटलेलं दूध ढवळलं, लाकडं फोडली, गोठलेल्या तळ्यावर सपशेल आडवा झालो. धक्क्याने पट्टी ठरावीक हद्दीपलीकडे वाकूच नये म्हणून नोएमीने चकतीभोवती अडसर कोरले होते; चिमट्याच्या पिळापुढे तेवढे ते चालत नाहीत. घड्याळाला काही झालं नाही. माझं कोपर मात्र अजून दुखतं.

शुक्रवारी चीज घेऊन मीही कारखान्यात गेलो. डबे उघडले, उकडलेले बटाटे आले, सगळे चमचे घेऊन बसले. ल्युग्रँसाहेब बोलायला उभे राहिले, आणि त्यांच्याआधी कोलेट उठली.

“साहेब, आधी माझं काम बघा.”

तिने आपलं टेबल पुढे ओढलं आणि नोएमीकडे हात केला. शेवटची चकती नोएमीकडे होती. पोरीने ती दिली खरी, पण विचारलं,

“मावशी, तुम्हाला खात्री आहे ना?”

“हाताची नाही, पोरी. तुझ्या चकतीची आहे.”

तिने भिंग लावलं. सगळं खोरं ज्या हाताची शपथ घेतं, त्याच हाताने, तितक्याच हलकेपणाने, तिने पट्टीला चिमटा लावला आणि समजवलं. टिक्कन आवाज झाला आणि तुकडे टेबलावर पडले.

“पहिलीही अशीच मोडली. मीच मोडली. आता पटलं?” मग तिने माझा हात धरून बाही वर केली. “आणि ही मी समजवलेली नाही. आठवडाभर या रेड्याच्या मनगटावर आहे.”

ल्युग्रँसाहेबांनी घड्याळ कानाला लावलं, मग भिंगाखाली धरलं. त्यांचाही हात सवयीने चिमट्याकडे गेला. कोलेटने आपला पंजा त्यावर ठेवला. त्यांनी हात मागे घेतला.

“काम चालू राहील,” ते म्हणाले. मग हळूच, “पण बाई, तुमच्या हाताचं नाव गेलं हो.”

“जाऊ दे. चांगलं भरपूर वापरून झालंय.”

मला सगळ्यांसमोर रडू आलं, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आयुष्यभर कमावलेलं नाव तिने एका पोरीच्या कामासाठी एका चिमट्यात मोडून टाकलं होतं.

नोएमीचं घड्याळ आता विकायला आलंय. पण दारूच्या गुत्त्यावर लोकांना चघळायला दुसरंच हवं असतं. “काय आर्मां, तुझ्या बायकोनं एक चकती मोडली म्हणे?”

“दोन,” मी सांगतो. “आणि दुसरी मुद्दाम.”