तिसऱ्या मुलाचा रकाना

पडदा वर जातो तेव्हा समोर सरकारी कचेरीचं एक लांबट दालन. चार खिडक्या, त्यातल्या तीन बंद. भिंतीला टेकलेली बाकं, बाकांवर आया, आयांच्या मांडीवर पेंगणारी मुलं आणि वर नंबर दाखवणारा लाल दिवा. दुसऱ्या बाकावर आमची टाचणीताई, हातात कापडी पिशवी. शेजारी मी, साक्षीदार म्हणून आलेला.

आमच्या नाटक कंपनीचे कपडे तिने बावीस वर्षं शिवले. तोंडात कायम टाचण्या, म्हणून हे नाव. राजाच्या अंगरख्यापेक्षा भिकाऱ्याच्या ठिगळांना ती जास्त वेळ घ्यायची. "राजाला लोक मुकुटावरून ओळखतात," म्हणायची, "भिकारी मात्र खरा वाटला पाहिजे."

नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी दोन मुलगे आणि तीन वर्षांपूर्वी आलेली भाची. बहीण दूरच्या शहरात कामाला गेली. "दोन महिन्यांत नेते पोरीला," म्हणाली. नेलं नाही.

सरकार प्रत्येक मुलामागे दरमहा भत्ता देतं. पण ताई दर वर्षी अर्जात मुलं दोनच लिहायची. तिसऱ्या रकान्यात भाचीचं नाव लिहायचं तर खालच्या एका वाक्यावर सही लागते: 'मुलीची आई तिला सांभाळत नाही.' त्या एका ओळीपायी तिने तीन वर्षांच्या पैशांवर पाणी सोडलं होतं.

यंदा आमचे प्रयोग निम्म्यावर आले आणि तिची मजुरीही.

"काका, कपडे मी वाढवीन हो," आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "पण बूट कसे वाढवू? तिघांचे पाय पैज लावल्यासारखे वाढतायत."

दिव्यावर आमचा नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला.

"मुलगी तुमच्याकडेच राहते याचा पुरावा?"

शाळेत पत्ता अजून आईचाच होता. ताईने पिशवीतून एक फ्रॉक काढला आणि उलटा करून खिडकीच्या फळीवर पसरला.

"हे बघा. शिवला तेव्हा खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं होतं. ही रेघ ती आली त्या वर्षीची. मग उसवून खाली सोडला, ती ही दुसरी. यंदा पुन्हा सोडला, आता दुमडायला काही उरलं नाही. पोर माझ्याकडे नसती तर मापं कोणाच्या अंगावर घेतली असती?"

बाईंनी त्या दोन फिकट रेघांवरून बोट फिरवलं.

"टाके सुरेख आहेत. पण ताई, फ्रॉक फाइलला कसा लावू?"

"लावा की. टाचणी मी देते."

बाई हसल्या आणि साक्षीदाराचा कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. रंगमंचावर पुष्कळ मृत्युपत्रांवर सह्या ठोकल्यात, पण इतक्या जपून कधी केली नव्हती.

मग ते वाक्य आलं. ताईने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"दर रविवारी फोन करते ती. तासभर बोलतात मायलेकी."

"पैसे पाठवते?"

"नाही."

"मग कागदावर असंच लिहावं लागतं. मला त्यातला एक शब्द बदलता येत नाही."

"कोणाला येतो?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा हो मावशी, पोरं भुकेजलीत."

ताईने सही केली. एरवी एका झटक्यात होणारी तिची सही, आज अक्षर अक्षर लावून.

"मंजुरीचं पत्र पंधरा दिवसांत घरी येईल," बाई म्हणाल्या. "सोबत या अर्जाची प्रत असेल."

फ्रॉकची घडी घालणारे ताईचे हात थांबले. ती खिडकीशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "घरी नका पाठवू. मीच येऊन नेईन. पोरगी आता सगळं वाचते."