बुवांच्या झब्ब्याला माझा कान

माझी पेटी बुवांनी भर बैठकीत बंद पाडली. गाता गाता थांबले, डावा हात लांब करून माझ्या पेटीच्या पट्ट्यांवर पंजा ठेवला आणि श्रोत्यांकडे बघत म्हणाले, "आमच्या वहिनींना हल्ली फक्त स्वतःचीच पेटी ऐकू येते." लोक हसले. पुण्यात असल्या वाक्याला लोक मनापासून हसतात, आणि हे आपल्याला कसं सुचलं नाही याची थोडी हळहळही त्या हसण्यात असते. मीही हसले. बुवांच्या वाक्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचाच मला जास्त संताप येतो.

माझे यजमान बुवांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून मी वहिनी. यजमान गेले, तरी बुवांच्या डाव्या हाताची जागा मला राहिली. गाणाऱ्याच्या उजवीकडे तबला आणि डावीकडे पेटी, ही आमच्याकडची रीत. तारुण्यापासून मी त्या जागेवर बसत आले. स्वतःच्या घरातल्या खुर्चीवरही मी इतक्या हक्काने बसलेली नाही. "पेटीवर बाई?" असं विचारणाऱ्यांची तोंडं सुरुवातीला बुवांनीच बंद केली होती, ते मी नाकारत नाही. पण म्हणून त्यांना माझ्या पेटीवर पंजा ठेवायचा अधिकार मिळाला, असं मला वाटत नाही.

ऐकू कमी येत होतं हे खरंच होतं. बुवांनी हळूच घेतलेली एखादी जागा माझ्या हातून निसटायची. निसटली की मी भाता जोरात हलवायची आणि सूर भरून वाजवायची, म्हणजे मधली फट दिसायची नाही. साथ म्हणून ते जाड होत होतं, हे मला कळत होतं. घरी येऊन, दार लावून, चहा घेता घेता बुवांनी तसं सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. त्यांनी ते माइकवर सांगितलं.

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. पुढच्या बैठकीच्या पत्रिकेत पेटीच्या पुढे एका तरुणाचं नाव होतं. तो आठवडाभर हिंजवडीला कंपनीत असतो आणि शनिवार-रविवारी पेटी वाजवतो. हात गोड आहे त्याचा, त्याच्यावर माझा राग नव्हता. सदाशिव पेठेत बातमी पायी निघते आणि स्कूटरच्या आधी पोचते. भाजी घेताना एका बाईंनी मला उगाचच मोठ्या आवाजात विचारलं, "काय, बऱ्या आहात ना?" तेव्हा समजलं की मी कानाने गेले, असं गावभर झालंय. दुसरे गाणारेही मग बोलवेनासे झाले. मी डूख धरला. आत कुठेतरी वगैरे नाही, चांगला उघड धरला. रोज सकाळी पेटीवरची धूळ पुसताना मी बुवांना मनातल्या मनात त्यांच्या श्रोत्यांसमोर उघडं पाडत असे.

मुलगी म्हणाली, "आई, रागवायचं असेल तर रागव, पण आधी ऐकू तर येऊ दे." तिने मला दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका दवाखान्यात नेलं. कान तपासणारी मुलगी तिच्याहूनही लहान. तिने मला "आजी" म्हटलं आणि मी तिला तिथल्या तिथे "बाई म्हण" असं सांगितलं. दोन्ही कानांत यंत्रं बसवून तिने विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "तुमचा पंखा दुरुस्त करून घ्या."

रस्त्यावरच्या आवाजांचं मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी स्वारगेटच्या चौकात मी ती दोन्ही यंत्रं काढून पर्समध्ये टाकली होती, एवढं पुरे. खरा घोळ घरी झाला. पेटीचा एक सूर धरून मी भाता सावकाश सोडत राहिले, तर थोड्या वेळाने सूर पातळ झाला, थरथरला आणि नाहीसाच झाला. बोट पट्टीवर, भाता चालू, आणि कानात काही नाही. तंबोऱ्याचीही तीच गत. दवाखान्यात जाऊन मी आवाज चढवला, तेव्हा ती मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, हे बोलणं ऐकण्यासाठी लावलेलं आहे. एकसारखा चालणारा लांब आवाज आला की मशीनला वाटतं, ही शिट्टी आहे, नाहीतर पंखा. म्हणून ते कापून टाकतं." म्हणजे जन्मभर मी ज्याची साधना केली, त्याला हे यंत्र पंखा समजत होतं. तिने गाण्यासाठी वेगळी मांडणी करून दिली. मोबाइलवरून बदलता येते. तिथेच मोबाइलवर तंबोरा लावून पाहिला, तो परत आला. त्या दिवशी मी दवाखान्यातच रडले आणि मग त्या मुलीला पेढे नेऊन दिले.

पुढचा हट्ट माझा. मला खोलीतलं सगळं नको होतं, फक्त गाणाऱ्याचा गळा हवा होता. आधी मोबाइल गाणाऱ्यापुढे ठेवून त्याचा आवाज कानात घेऊन पाहिला. माझी मुलगी गायला बसली. तिचे ओठ हलायचे आणि सूर मागाहून यायचा, एवढासाच मागाहून, पण साथीत तेवढ्याने माणूस बुडतो. मग दवाखान्यातल्या मुलीने एक चिमट्याचा माइक मागवून दिला, अंगठ्याएवढा. तो समोरच्याच्या कपड्याला लावायचा, की त्याचा आवाज तारेशिवाय थेट माझ्या दोन्ही कानांत, आणि उशीर जाणवेल इतका नाही. माझ्या मुलीच्या कुडत्याला तो लावला आणि तिने पहिला सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास मला ऐकू आला. सुराच्या आधीचा श्वास ऐकू येणं साथीदाराला काय असतं, ते साथीदारालाच माहीत. हात कुठे न्यायचा ते आधीच कळतं. तरुणपणीसुद्धा मला एवढं ऐकू येत नव्हतं.

मग मी दुपारी बुवांनाच ऐकायला लागले. त्यांच्या बैठकांची चित्रणं मोबाइलवर येतात. ती थेट कानात सोडायची, डोळे मिटायचे. जुन्या बैठकांमध्ये पेटीवर मी, नव्यांमध्ये तो हिंजवडीचा तरुण. दोन-तीन दुपारी ऐकल्यावर मी उठून बसले. वरचा सा बुवांना पोचत नव्हता. केसभर खाली राहत होता, कधी केसभरापेक्षा बराच. वय झालं, आवाज उतरला, पण मानी माणूस, गायची पट्टी उतरवायला तयार नाही. त्या तरुणाची साथ नाजूक, तो सूर लावून बाजूला व्हायचा आणि बुवांचा सा उघड्यावर पडायचा. मग मी माझ्या शेवटच्या बैठका लावल्या. तिथेही सा खालीच होता. पण तिथे माझी जाड पेटी होती. मी नेमका खरा सूर इतका भरून वाजवत होते, की त्याखाली बुवांचा सूर झाकून जात होता. लोक घरी जाताना "बुवांचा षड्ज अजून काय लागतो!" म्हणत होते, तो षड्ज माझा होता. मला अतोनात आनंद झाला. वाईट वाटायला हवं होतं, पण झाला तो आनंदच.

लोकांच्याही ते ध्यानात येऊ लागलं होतं. एका बैठकीनंतर जिन्यात एक निवृत्त मास्तर म्हणाले म्हणे, "बुवा आज सुराशी जरा अंतर राखून होते." अशी वाक्यं गाणाऱ्यापर्यंत पोचवणारे लोकही आपल्याकडे असतात.

आणि बुवा माझ्या घरी आले. हातात फळं. इकडचं तिकडचं झालं आणि म्हणाले, "वहिनी, झालं गेलं सोडून द्या. त्या मुलाची साथ फार किरकोळ हो. मला तुमच्या भरीव पेटीची सवय. रविवारी या."

क्षमेचा एक शब्दही नव्हता. त्यांना माझे कान नको होते, मला ऐकू येत नसे तीच सोय त्यांना परत हवी होती. मी लगेच हो म्हटलं. फक्त म्हटलं, "बुवा, माझी एक अडचण आहे. हा छोटा माइक तुमच्या झब्ब्याला लावावा लागेल. त्याशिवाय मला काही समजायचं नाही."

"हे काय?"

"माझा कान."

बुवा हसले. "लावा की. आणखी चार लावा." म्हातारीला आधार लागतो, असंच त्यांना वाटलं. मीही वाटू दिलं.

रविवारी सकाळी कोथरूडच्या सभागृहात मी त्यांच्या गळपट्टीला स्वतःच्या हाताने माइकचा चिमटा लावला आणि डाव्या बाजूला जाऊन बसले. माझ्या जागेवर. बुवांनी डोळे मिटले आणि ते थेट माझ्या डोक्यात गायला लागले. गळ्यातली खरखर, कवळीची बारीक टकटक, गिळलेला आवंढा, सगळं. सूर कमी पडणार असेल तर तो पडायच्या आधी श्वास आखूड येतो, तोही ऐकू येत होता. मी वाजवलं ते आयुष्यात वाजवलं नाही इतकं सुरेख. हळू, मोजकं, त्यांच्या मागोमाग. त्यांची एकही जागा सोडली नाही आणि एकही झाकली नाही.

आलाप चढत चढत वरच्या सा पाशी आले. बुवांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने हलकेच खूण केली, भरा म्हणून. मला श्वास ऐकू आला. आखूड होता.

आमच्यात एक अदब आहे. गाणारा फार मोठ्या जागी पोचतो तेव्हा साथीदार पट्ट्यांवरून हात उचलतो, की आता इथे आमचं काम नाही, आपणच. याहून मोठा मान पेटीवाल्याकडे द्यायला नाही. मी हात उचलला. मान डोलावली, "वा बुवा!" म्हटलं, अगदी मोठ्याने. सभागृहात तंबोरे आणि बुवांचा सा, एवढंच उरलं. सा खाली होता, लोंबत होता. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी चप्पल शोधल्यासारखं खाली पाहिलं. बुवांनी सूर सोडला आणि पुन्हा लावला. मी पुन्हा हात उचलला. मग त्यांनी खाली उतरून श्वास घेतला, त्या रिकाम्या जागेत मी एकाच बोटाने वरचा खरा सा वाजवला. स्वच्छ, अजिबात घाई न करता. तेवढा ऐकवला आणि सोडून दिला.

दर वेळी असंच झालं. माझ्या साथीला नाव ठेवायला कुणालाही जागा नव्हती. उलट मध्यंतरात संयोजक मला म्हणाले, "काय समजूतदार वाजवता हो आज."

मध्यंतरात आम्ही मागच्या खोलीत. बटाटेवडे आले होते, चहा आला होता. तबलजी, तंबोऱ्यावरच्या दोन मुली, संयोजक, सगळे तिथेच. बुवांनी मला आरशाकडच्या कोपऱ्यात बोलावलं. चेहरा घामाने चिंब. अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, ते कानातलं दुसऱ्या भागात काढून ठेवता का? पूर्वीसारखं मोकळं वाजवा."

माइक अजून त्यांच्या गळपट्टीलाच होता. शब्दन् शब्द माझ्या कानात आला, मधला आवंढाही.

"काय म्हणालात?" मी म्हटलं.

ते जरा मोठ्याने बोलले. मी कानाशी हात नेला आणि मान हलवली. "बुवा, इथे फार गलबला आहे. नीट बोला."

गलबला नव्हता. लोक वडे खात होते. बुवांचा तोल गेला, आणि बहिऱ्याशी बोलतात तशा खणखणीत आवाजात ते ओरडले, "ते मशीन काढा म्हणतोय! तुम्हाला ऐकू येतंय, त्याने माझी पंचाईत होतेय!"

तबलजी कपात बघू लागले. तंबोऱ्यावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि त्यातली एक तोंडावर ओढणी धरून बाहेर गेली. संयोजकांच्या हातातला वडा हातातच राहिला. आपण काय बोललो ते बुवांना बोलून झाल्यावर कळलं. त्यांचा हात गळपट्टीकडे गेला. तो चिमटा ते ओढू लागले, पण निघेना.

मी पुढे झाले, त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि वाकडा झालेला माइक नीट सरळ करून लावला.

"राहू द्या बुवा," मी म्हटलं. "भैरवीपर्यंत लागेल मला."