शकू वन्संचे केस

जुन्या जालन्यात आमच्या घरामागच्या ओट्यावर दर शुक्रवारी बायकांचं न्हाणं-विंचरणं चालतं. तिथले किस्से कुणी गोळा करत नाही, गुंतवळासारखे ते आपोआप पायात येतात. मी नवी सून, बोलते कमी. त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत!

*

शकू वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, मुदतीच्या तापातून उठल्या आणि त्यांचे केस मुठीमुठीनं गळायला लागले. त्यातच परतूरकडच्या मंडळींचा निरोप आला, दिवाळीनंतर मुलगी बघायला येतो. आमच्यात मुलाकडची बाई मुलीचा शेपटा हातात धरून बघते.

शेजारच्या मारवाडी काकी म्हणाल्या, "एक बार पूरे काढून टाका. दाट येतात."

"आन् पाव्हण्यांना काय दाखवू? नारळ?" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या. मग त्यांची नजर माझ्या कमरेपर्यंतच्या वेणीवर थांबली. "तू काय करतीस ते हिला कर. तुझ्यामुळं सोयरीक मोडली, तर मंग बघते तुझ्याकडं!"

माझ्यामुळं?

*

पहिल्याच शुक्रवारी वन्सं ओल्या केसांत फणी घालून खसाखसा ओढत होत्या. मला राहवेना.

"ओले केस विंचरू नका, तुटतात. आधी वाळू द्या. मंग टोकाकडून गुंता सोडवत वर जा."

फणी तशीच हवेत! वन्सं किंचाळल्या, "आई! वैनी बोलती!"

लग्न होऊन अख्खा पावसाळा सरला होता.

*

आत्याबाईंचा हिशेब सोपा. तेल जितकं जास्त, तितके केस जास्त! त्यांनी वन्संच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल ओतलं. मी हळूच म्हणाले, "बोटं बुडवून मुळाशी चोळलं तरी पुरतं."

"तुझ्या माहेरी तेलाची टंचाई असंल!"

दुपारी वन्संच्या उशीवर मामंजी कलंडले. उठले तेव्हा सासऱ्यांचं टक्कल लखलखत होतं आणि कानामागून तेल ओघळत होतं. आत्याबाई फडकं घेऊन धावल्या.

भिंतीपलीकडून काकी म्हणाल्या, "राहू द्या भाभी. इधर तरी उगवतं का बघू!"

*

दसऱ्यापर्यंत वन्संच्या कपाळाच्या कडेनं बारीक लव फुटली. मी रोज सकाळी त्यांना उजेडात नेऊन बघत होते. आणि एक दिवस या बाईंनी जल्दी चमक यावी म्हणून कपड्याच्या साबणानं डोकं धुतलं! केसांची नुसती केरसुणी.

आमच्या आडाचं पाणी खारं, त्यात साबण नीट निघत नाही. आत्याबाई देवळातून यायच्या आत मी काकींच्या विहिरीचं गोडं पाणी आणलं. त्यानंच डोकं पुन्हा खळखळून धुतलं, तळहातावर दोन थेंब तेल घेऊन टोकांना लावलं.

संध्याकाळी आत्याबाईंनी केसांवरून हात फिरवला.

"बघ! मी तेल ओतलं म्हणून मऊ आले!"

मी मान हलवली. जोरात हलवली.

*

मग आत्याबाईंनी सोयरीक जुळावी म्हणून वन्संना सोमवार धरायला लावले. तापातून उठलेली पोर, पोटात अन्न नाही, तर केस कुठून येणार? पण उपवासाला नाही म्हणायची माझी काय टाप! मी शेंगदाणे, गूळ, दूध, राजगिरा असं सगळं उपवासाचंच, पण दिवसभर चारत राहिले.

आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ही उपवास करून राह्यली का बाळंतपण?"

*

पाव्हणे आले. वन्संची वेणी बारीक होती, पण सगळी त्यांचीच होती. मी म्हणाले, "आहे तेच दाखवू." आत्याबाई ऐकतात होय! त्यांनी पेटीतून गंगावन काढलं आणि ते उसने केस घाईघाईत वेणीत गुंफून गाठ मारली.

मुलाची आई आतल्या खोलीत आली. ताठ बाई. चहाला हात लावला नाही. वन्संच्या मागं बसून तिनं शेपटा धरला आणि मानेपासून बोटं खाली सरकवत नेली.

गाठीवर बोटं थांबली.

वन्संनी डोळे मिटून घेतले. पुरुषमंडळी पलीकडं बैठकीतच होती, बाईनं आवाज चढवला असता तर सगळं तिथंच संपलं असतं.

"हे कोणी बांधलं?"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं.

"मी," मी म्हणाले.

"ढिलं हाय."

तिनं वन्संना जवळ ओढलं. नजर आमच्या दोघींवरच होती. खाली न बघता, रोज स्वतःची बांधत असावी तशा सवयीनं तिनं दोन बोटांनी गाठ सोडली, पुन्हा आवळून मारली, टोक आत सारलं. मग स्वतःचा पदर डोक्यावरून चांगला पुढं घेतला आणि बैठकीकडं तोंड करून म्हणाली,

"अहो, बघितले मी केस. बराबर हायेत!"