पहिली रांग

सोबत आलेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी हात धरला नसता, तर मी अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या कॉमेडी शोमधून पळूनच आलो असतो. आपल्याकडे नाटकाला पहिली रांग मिळणं म्हणजे भाग्य, म्हणून मी धावत जाऊन तीच पकडली. इथे कॉमेडियन नेमका पहिल्या रांगेलाच चेष्टेसाठी धरतो, हे मला काय ठाऊक! त्याने मलाच विचारलं, काय काम करतोस? माझी शाळा आठवीतच सुटलेली. इंग्रजी कळतं, पण तोंड उघडत नाही. मी उठायला लागलो, तसा काकूंनी हात धरला.

"मराठीत बोल रे, मी सांगते त्याला," काकू कुजबुजल्या.

"हॉटेलात पोळ्या लाटतो. तुमच्या विनोदांसारख्याच, गरम आहेत तोवर खपतात."

काकूंनी इंग्रजीत सांगितलं आणि हॉल हसला. तोही हसला.

काकूंनी कित्येक वर्षांत मराठी नाटक पाहिलेलं नाही. एक दिवस मी त्यांना नेईन, पहिल्या रांगेत.